डिस्क कोरी नव्हती
– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली तेव्हा 'माझा आवडता कवी' किंवा 'आजची स्त्री' यांपैकी काहीतरी लिहावे असे मी ठरवले होते. पण हे दोन्ही विषय मागच्या अंकांतून इतक्यांदा येऊन गेले आहेत की, मी नाही लिहिले तर कोणाचे अडणार नाही. म्हणून मी एका जुन्या हार्डडिस्कविषयी लिहीत आहे. कला शाखेच्या मुलीने यंत्राविषयी काय सांगावे, असे विज्ञान शाखेतले माझे मित्र म्हणतील. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे आणि कोठे चुकले असेल तर मला जरूर सांगावे.

डिसेंबरातली गोष्ट आहे. मराठी विभागाने लोकसाहित्याचा प्रकल्प दिला होता. प्रत्येकाने आपल्या घरच्या, गल्लीतल्या बायकांकडून ओव्या, गाणी, म्हणी गोळा करून आणायच्या होत्या. इतरांना त्यासाठी गावभर हिंडावे लागले. मी मात्र निर्धास्त होते. कारण माझ्याकडे आजी होती. म्हणजे आजी नव्हती, ती मागल्या श्रावणात गेली. पण तिचा आवाज होता. दोन दिवाळ्यांच्या सुट्यांत मी तिला कधी जात्यापाशी बसवून, तर कधी ती ओसरीवर वाती वळीत असताना मोबाईलवर रेकॉर्ड केले होते. एकूण एक्केचाळीस रेकॉर्डिंग. पुढे मोबाईल भरला, तो अडखळू लागला, तेव्हा भावाने भुसावळहून जुन्या बाजारातून आणलेल्या पाचशे जीबीच्या हार्डडिस्कवर सगळे टाकले आणि मोबाईल मोकळा केला. दुसरी प्रत कोठेतरी ठेवावी, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आले नाही.

प्रकल्पासाठी डिस्क काढली, भावाच्या लॅपटॉपला जोडली. दिवा लागला. आत भिंगरी फिरल्यासारखा आवाजही झाला. आणि पडद्यावर एक चौकोन उमटला. त्यात इंग्रजीत लिहिले होते की, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे, फॉरमॅट करायची आहे का?

माझे बोट फॉरमॅटच्या बटणावर गेलेच होते.

ते का गेले, हे सांगणे मला या लेखात सर्वांत महत्त्वाचे वाटते. आमच्या घरात कागदाला 'नाही' म्हणण्याची रीत नाही. माझे अण्णा केळीचे घड ट्रकमध्ये भरण्याचे काम करतात. आजोबाही मजुरीच करीत. आमच्याकडे कागद आला की आधी अंगठा, मग विचारपूस, हाच क्रम तीन पिढ्या चालत आला आहे. बँकेच्या खिडकीतले साहेब बोट ठेवतील तेथे सही करायची. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर 'मला सर्व अटी मान्य आहेत' असे आले की बरोबरची खूण करायची. अटी कोणत्या, ते कोण वाचतो? कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिली. पण ती सवय माझ्या बोटांत जशीच्या तशी उतरली आहे. यंत्र विचारते आहे म्हणजे त्याला माहीत असणारच! 'आवश्यक आहे' असे लिहिले म्हणजे आवश्यक असणारच!

आई मागे लसूण सोलीत बसली होती. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण पडद्याकडे पाहत मी मध्येच थबकले, हे तिने टिपले.

"काय म्हनते ते?"

"म्हणते डिस्क कोरी आहे. नव्याने आखून देऊ का, असे विचारते."

"कोरी कशी? तुझी आजी हाये ना तिच्यात?"

मी 'रद्द' दाबले. संगणकाचा सर्टिफिकेट कोर्स मी बारावीच्या सुटीतच पूर्ण केला आहे, चांगल्या गुणांनी केला आहे. पण त्या क्षणी डिस्क वाचली ती माझ्या सर्टिफिकेटाने नव्हे.

दुसऱ्या दिवशी डिस्क एका दुकानात नेली. दुकानदारांनी ती जोडून पाहिली आणि अगदी सहज म्हणाले, "काही झालेले नाही. फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखी चालेल." त्यांनी मला फसवले असे मी म्हणणार नाही. डिस्क खरोखरच चालली असती. त्यांचे लक्ष डिस्ककडे होते आणि माझे तिच्यातल्या ऐवजाकडे, एवढाच काय तो फरक. दुरुस्तीला वस्तू देताना 'मला वस्तू नको, आतले हवे आहे' असे आधी स्पष्ट सांगावे लागते, हे मला त्या दिवशी कळले. मी डिस्क पिशवीत घालून परत आणली.

आता थोडे यंत्राविषयी. हे मला आमच्या संगणक कक्षातल्या सरांनी समजावून सांगितले आणि पुढे मी स्वतः वाचले. आपल्या ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. पुस्तके फडताळांत आहेत. कोणते पुस्तक कोणत्या फडताळात आहे, हे सांगणारी कार्डे एका कपाटात आहेत. आणि ते कार्डांचे कपाट कोठे आहे, हे सांगणारी एक पाटी दारावर आहे. हार्डडिस्कची रचना जवळजवळ अशीच असते. तिच्यावर ५१२ बाइटांचे लहान लहान कप्पे असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. पाचशे जीबीच्या डिस्कवर असे सुमारे ९७ कोटी ६७ लाख सेक्टर येतात. पहिल्या सेक्टरात डिस्कची वाटणी लिहिलेली असते. प्रत्येक वाटणीच्या आरंभीच्या सेक्टरात तिची मांडणी कोणत्या पद्धतीची आहे आणि यादी कोठून सुरू होते, हे लिहिलेले असते. ही झाली दारावरची पाटी. विंडोजमध्ये नेहमी आढळणाऱ्या एनटीएफएस या मांडणीत यादीला मास्टर फाईल टेबल म्हणतात. हे झाले कार्डांचे कपाट. आणि बाकीचे सगळे सेक्टर म्हणजे फडताळे.

डिस्कवर लिहिणे चालू असताना कोणी वायर ओढली, वीज गेली, किंवा नेमक्या त्या जागेचा सेक्टर नासला, तर दारावरची पाटी पुसली जाते. ९७ कोटींतला तो एक सेक्टर गेला की संगणक दारातूनच परत फिरतो आणि म्हणतो, येथे ग्रंथालय नाहीच, मोकळी जागा आहे, नवे बांधू का? पुस्तके मात्र आत जागच्या जागी असतात. (आमच्या डिस्कची पाटी कोणी पुसली, हे मला पुरते ठाऊक आहे. 'सुरक्षितपणे काढा' हे न करता वायर ओढायची सवय माझीच.)

माझा पहिला आक्षेप आहे तो त्या वाक्यावरच. संगणकाने म्हणायला हवे होते, 'मला ही डिस्क वाचता येत नाही.' तेवढेच खरे होते. त्याऐवजी तो म्हणतो, डिस्क फॉरमॅट करणे आवश्यक आहे. आपले अज्ञान तो डिस्कच्या अंगाला चिकटवतो! याचा सर्वांत मोठा पुरावा असा की, लिनक्सवर किंवा अ‍ॅपलच्या संगणकावर तयार केलेली, अगदी धडधाकट, भरलेली डिस्क विंडोजला जोडली, तरी पुष्कळदा हाच प्रश्न येतो. डिस्कमध्ये काडीचा दोष नसतो. तिची मांडणी विंडोजच्या ओळखीची नसते, एवढेच. मोडी न येणाऱ्या माणसापुढे मोडीचा कागद ठेवावा, आणि त्याने म्हणावे, 'कागदावर नुसत्या रेघोट्या आहेत, धुऊन पुन्हा वापरू का?' तसाच हा प्रकार.

मोडीचा विषय निघालाच आहे तर आपल्या खानदेशातलीच एक गोष्ट सांगते. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ सुरू झाले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला; पुढे बावीस खंड झाले. ही साधने आली कोठून? जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून, रुमालांत बांधून ठेवलेल्या कागदांतून. ज्यांना ते कागद वाचता येत नव्हते, त्यांच्या लेखी ती रद्दीच. राजवाडे गावोगाव पायपीट करून म्हणत राहिले की ही रद्दी नव्हे. आपल्या आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी फॉरमॅटच्या प्रश्नाला आयुष्यभर 'नाही' असे उत्तर दिले.

आणि बहिणाबाई तर आपल्या जिल्ह्याच्याच. १८८० साली असोद्याला जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शिरगणतीच्या रकान्यात 'निरक्षर' एवढेच लिहिले गेले असेल. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या वारल्या. मुलगा सोपानदेव आणि एक आप्त यांनी त्यांच्या तोंडून ऐकून जे वहीत उतरवले होते, ते १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आले. २०१८ साली आपल्या विद्यापीठाला त्यांचेच नाव दिले गेले. माझ्या पदवीवर ते असणार आहे. जे कोणी टिपून घेतले नाही ते मात्र बाईंबरोबरच गेले. तेव्हा जे उतरले आहे ते नुसत्या एका बटणाने पुसू देणे म्हणजे काय, याचा विचार करा.

असो. पुन्हा डिस्ककडे येते.

संगणक कक्षातले सर म्हणाले, "पहिली गोष्ट म्हणजे या डिस्कवर आता एक अक्षरही लिहायचे नाही." फॉरमॅट करायची नाही, दुरुस्तीची आज्ञा द्यायची नाही, तिच्यावर नवी फाईल टाकायची नाही. कारण पाटी पुसली तरी पुस्तके राहतात. पण पुस्तकाच्या जागी दुसरे पुस्तक ठेवले की पहिले गेलेच. नासलेल्या डिस्कवर विंडोजची तपासणीची आज्ञा चालवली, तर यंत्र आपल्या समजुतीप्रमाणे मांडणी 'नीट' करते आणि होते तेही विसकटते. दुसरी गोष्ट, काम मूळ डिस्कवर करायचे नाही. तिची सेक्टरन् सेक्टर नक्कल दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्यायची आणि जी काय खटपट करायची ती नकलेवर. आणि तिसरी, डिस्कमधून टक टक असा आवाज येत असेल तर ती लगेच बंद करायची आणि घरी हात लावायचाच नाही. आतले वाचणारे काटे निकामी झालेले असतात. प्रत्येक फेऱ्याला चकतीवर ओरखडे पडण्याची भीती असते. ते काम धूळ नसलेल्या खोलीत, जाणत्या माणसांनीच करायचे. आमच्या डिस्कमधून आवाज येत नव्हता, हे आमचे नशीब.

एक टीबीची डिस्क उसनी मिळाली. नक्कल घेण्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. त्याची रीत मला फार आवडली. तो आधी जे चांगले आहे ते सगळे पटापट उचलून घेतो. जेथे अडते ती जागा वहीत टिपून पुढे जातो, आणि शेवटी त्या अडलेल्या जागांकडे पुन्हा पुन्हा, लहान लहान घास घेत येतो. परीक्षेत अवघड प्रश्नावर अडून बसू नका, असे आपले प्राध्यापक सांगतात ना, तसेच. त्या रात्री वरणगावात दोनदा वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी दम धरणारी नव्हती. पण त्या टिपणवहीमुळे प्रत्येक वेळी जेथे थांबले होते तेथूनच काम पुढे सुरू झाले. दोन रात्री आणि एक दिवस लागला. नासलेले सेक्टर फार नव्हते, पण होते ते नेमके नको तेथे.

याच काळात मी पार हिरमुसले होते, तेव्हा सरांनी मला कोलंबिया यानाची हकीकत सांगितली. १ फेब्रुवारी २००३ रोजी हे अमेरिकेचे अवकाशयान पृथ्वीवर परतताना आकाशातच फुटले. आपली कल्पना चावला त्यातच गेली. यानावर झेनॉन वायूच्या प्रवाहीपणासंबंधीचा एक प्रयोग होता. त्याचे आकडे ज्या हार्डडिस्कवर होते ती टेक्सासात पडलेल्या अवशेषांत काही महिन्यांनी सापडली. जळून, वितळून तिचे ओळखू न येणारे ढेकूळ झाले होते. मिनेसोटातल्या ऑनट्रॅक कंपनीच्या माणसांनी तिच्या चकत्या काढून, धुऊन, दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या आणि तिच्यातला सुमारे ९९ टक्के मजकूर परत मिळवला. २००८ साली त्या प्रयोगाचा निबंधही प्रसिद्ध झाला. डिस्क ४०० एमबीची, म्हणजे आमच्या डिस्कच्या हजाराव्या हिश्शाहूनही लहान. काम साधले याचे एक कारण असे सांगतात की, त्या जुन्या डॉस पद्धतीत मजकूर डिस्कभर विखुरलेला नव्हता, एके ठिकाणी सलग होता. पण त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कांतून काहीही निघाले नाही, हेही सरांनी सांगितले. खोटी आशा लावली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

नक्कल हाती आल्यावर टेस्टडिस्क नावाचा प्रोग्रॅम चालवला. हा आणि त्याचा जोडीदार फोटोरेक, दोन्ही क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थांनी लिहिलेले आहेत. दोन्ही फुकट आहेत आणि ते आतून कसे चालतात, हेही कोणालाही पाहता येते. एनटीएफएसच्या मांडणीत दारावरच्या पाटीची एक प्रत वाटणीच्या अगदी शेवटच्या सेक्टरात ठेवलेली असते. फॅट३२ या मांडणीतही सहाव्या सेक्टरात अशी प्रत असते. म्हणजे यंत्र घडवणाऱ्यांनी दुसरी प्रत ठेवली होती, आम्ही ठेवली नव्हती! टेस्टडिस्कने ती प्रत शोधून जागेवर बसवली. पुष्कळांचे काम एवढ्यावरच होते. फाईली नावांसकट, फोल्डरांसकट समोर येतात. आमचे झाले नाही. पाटी आली, पण कार्डांच्या कपाटाचे काही खण त्या नासलेल्या सेक्टरांत सापडले होते. आजीचे फोल्डर उघडेना.

मग उरला फोटोरेक. तो यादीकडे बघतच नाही. तो सरळ फडताळांतून चालत जातो आणि प्रत्येक पुस्तकाचे पहिले पान पाहून ते कोणत्या जातीचे आहे, ते ओळखतो. बहुतेक प्रकारच्या फाईलींच्या आरंभी ठरलेली खूण असते. माझ्या मोबाईलची रेकॉर्डिंग एएमआर प्रकारची होती. अशा प्रत्येक फाईलच्या तोंडाशी ए, एम, आर ही अक्षरेच लिहिलेली असतात. या रीतीने फाईल मिळते, पण तिचे नाव मिळत नाही. नाव यादीत होते आणि यादी गेली. फाईल तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली असेल तर तीही अर्धवटच येते.

सकाळी पाहते तो नऊ हजारांवर फाईली. आणि एकालाही नाव नाही. प्रत्येकीपुढे नुसता एक लांबलचक आकडा. तो आकडा म्हणजे ती ज्या सेक्टरवर सापडली त्याचा क्रमांक. घराचा नंबर आहे, माणसाचे नाव नाही.

येथे एक विचित्र गोष्ट घडली, ती लपवणे बरे नव्हे. त्या नऊ हजारांत कोणा परक्यांचे लग्न निघाले. हळद लावलेली नवरी, फेटे बांधलेले पाहुणे, पाळण्यातले मूल, कोणाचे तरी आधारकार्ड. डिस्क जुनी घेतलेली होती. आधीच्या मालकाने फॉरमॅट मारून, सगळे पुसले असे समजून विकली असणार. पण झटपट फॉरमॅटने यादी तेवढी नवी होते. फडताळांवर दुसरे काही ठेवीपर्यंत जुने तसेच राहते. (विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट केले तर मात्र सगळीकडे शून्ये लिहिली जातात, मग काही परत येत नाही.) ज्या नियमाने मला माझी आजी मिळत होती, त्याच नियमाने कोणाची तरी सून आमच्या ओसरीवर उघडी पडली होती. भाऊ म्हणाला, पाहू तरी कोण आहेत. आई म्हणाली, "बंद कर. कोनाच्या तरी घरचं हाये." भाऊ ज्याच्याकडून डिस्क घेतली त्याला विचारून आला, त्याला आठवत नव्हते. आम्ही ते फोटो नकलेतून काढून टाकले. योग्य केले की अयोग्य, याविषयी माझे मन अजून निश्चित नाही. त्यांच्याकडे दुसरी प्रत नसली तर? जुनी डिस्क किंवा मोबाईल विकताना हे ध्यानात ठेवा, एवढेच सांगते.

आवाजाच्या फाईली निघाल्या अडतीस. एकेक उघडून ऐकू लागले, तर कोणती कधीची, काही कळेना. माझ्या मूळ फाईलींना मी 'जाते १', 'जाते २', 'दिवाळी पाडवा' अशी नावे दिली होती. आता सगळ्या सारख्याच. प्रकल्पात तर प्रसंग, वेळ, स्थळ लिहायचे होते. दोन संध्याकाळी मी वही घेऊन बसले आणि चार फाईलींच्या पुढे गेले नाही. तिसऱ्या दिवशी आई येऊन शेजारी बसली.

"हा तिचा सकायचा गया हाये," ती एका फाईलला म्हणाली. सकाळचा गळा! दिवस चढल्यावर आजीचा आवाज कसा फाटायचा, हे तिला ठाऊक होते. बावीस वर्षे दोघींनी एका चुलीवर काढली आहेत. दुसरी फाईल लावली तर म्हणाली, ही बिमारीनंतरची, मधे दम घेते बघ. तिसरीत जात्याची घरघर ऐकून, आत तूर आहे की गहू, ते सांगितले. एकीत मागे रेल्वेची शिटी होती. त्यावरून वेळ सांगितली. एका फाईलमध्ये ओवी नव्हतीच. रेकॉर्डिंग चालू राहिले होते आणि आजी शेजारणीला आपल्या सुनेच्या, म्हणजे माझ्या आईच्या, खारट भाजीविषयी सांगत होती. मी घाईने बंद करू लागले. आईने हात धरला. पूर्ण ऐकले, आणि मग हसत म्हणाली, "याचं नाव लिही, माझी चुगली." प्रकल्पाच्या वहीत मी ते तसेच लिहिले आहे. प्राध्यापकांनी त्याखाली लाल रेघ मारलेली नाही.

एकोणीस वर्षांच्या, द्वितीय वर्षात शिकणाऱ्या मुलीला जे वाचता आले नाही ते लसूण सोलणाऱ्या बाईने ऐकून वाचले. मला हे लिहिताना थोडी लाजही वाटते आणि अभिमानही वाटतो.

आता काही जण म्हणतील, हे सगळे करण्यापेक्षा क्लाऊडवर ठेवायचे! ठेवावे की. पण ते खाते कोणाच्या नंबरावर आहे, पासवर्ड कोणाला ठाऊक आहे, सिम बंद पडले तर काय, फुकटची जागा भरली म्हणजे काय, हे आमच्यासारख्या घरांत कोण पाहते? भावाच्या जुन्या खात्यात आमच्या ताईच्या लग्नाचे फोटो आहेत आणि ते खाते उघडत नाही. त्याला तर फोटोरेकही नाही. म्हणून क्लाऊड ही एक प्रत समजावी, एकमेव प्रत नव्हे. आणखी एक गोष्ट. नव्या लॅपटॉपांत आता फिरत्या चकतीऐवजी एसएसडी असते. तिच्यात 'ट्रिम' नावाची सोय असते. पुसलेल्या किंवा फॉरमॅट केलेल्या जागा ती स्वतःहून रिकाम्या करून टाकते, बहुधा काही क्षणांतच. यंत्र वेगवान होते, हे खरे. पण जुन्या चकतीने माझी चूक जशी पोटात घातली तशी ही घालणार नाही. तेथे एकदा 'हो' म्हटले की झाले.

आमच्या सर्टिफिकेट कोर्समध्ये मला पत्र टंकलेखन शिकवले, तक्ता करायला शिकवले, स्लाइडमध्ये फुले उडवायला शिकवले. यंत्राला 'नाही' कधी म्हणायचे, हे एका तासालाही शिकवले नाही. माझी सूचना लहानशी आहे. आपल्या संगणक कक्षात एक रिकामी मोठी डिस्क आणि हे तीन प्रोग्रॅम असलेला एक पेनड्राइव्ह कायम ठेवावा. ज्याची डिस्क 'कोरी' दिसेल त्याने दुकानात जाण्याआधी तेथे यावे. आणि लोकसाहित्याचे जे प्रकल्प दरवर्षी विभागात जमा होतात त्यांच्या सीडी आणि पेनड्राइव्ह कपाटात नुसते कुलूपबंद न ठेवता, ते अजून उघडतात की नाही, हे वर्षातून एकदा पाहावे. त्यांत किती जणींच्या आज्या असतील! या कामाला मी माझे नाव आताच देते. शनिवारी दुपारी मला तास नसतो.

एक्केचाळिसांपैकी अडतीस सापडल्या. त्यांतल्या दोन मधेच तुटतात. तीन गेल्या त्या गेल्या. त्यांत काय होते, ते मला पुसट आठवते, चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. सगळ्या फाईलींची आता तीन ठिकाणी प्रत आहे. एक घरी, एक ताईकडे, एक विभागात. ती जुनी डिस्क आईने कापडात गुंडाळून देवघराच्या फळीवर ठेवली आहे. ती आता कशालाही जोडायची नाही, असा तिचा हुकूम आहे.

एका फाईलचे नाव मात्र अजून लागलेले नाही. भावाने मी घरी नसताना केलेले ते रेकॉर्डिंग आहे. आजी ओवीची एक ओळ म्हणते आणि दुसरी ओळ दुसरीच एक म्हातारी उचलते. तो आवाज कोणाचा, हे भावाला आठवत नाही. आईला वाटते की ती आजीची धाकटी बहीण असावी, बोदवडची. तिला हल्ली नीट ऐकू येत नाही असे कळले. परीक्षा संपली की मी बोदवडला जाणार आहे. मामाचा मोठा स्पीकर आत्ताच सांगून ठेवला आहे.